दंडावर सूट



आदिलाबादहून पंढरकवड्याला मामाकडे जाताना पैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, दोन-तीन मोटारसायकली बहुतेक वेळा थांबलेल्या दिसतात. नदी बघायला नाही, हेल्मेट घालायला. इतका वेळ कोपराला लटकलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि गाडी महाराष्ट्रात शिरते. परत येताना त्याच जागी उलटा कार्यक्रम. डोकं तेच, डांबर तेच. पण पलीकडे पाचशे रुपये आणि वर तीन महिने लायसन्स जायची भीती, अलीकडे शंभर-दोनशेत काम भागतं.

एकाच देशात असं कसं? मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. 2019 साली त्यात दुरुस्ती होऊन दंड भरमसाट वाढले. पण त्याच कायद्याचं कलम 200 म्हणतं की कोर्टात न जाता जागेवर प्रकरण मिटवायचं असेल तर किती रक्कम घ्यायची, ते राज्याने ठरवावं. हे ‘तडजोड शुल्क’. गुजरातने लगेच रकमा कमी केल्या. महाराष्ट्राने दोन वर्षं थांबून डिसेंबर 2021 मध्ये नवे दर लावले, त्यात हेल्मेटचे पाचशे आणि विना-लायसन्सचे पाच हजार झाले. तेलंगणाने वाढीव दर स्वीकारले नाहीत. म्हणून नदीकाठी हेल्मेट चढतं-उतरतं.

आता घरातली गोष्ट. पहिली नोकरी लागल्यावर मी घेतलेली मोटारसायकल आता आदिलाबादला बाबा चालवतात. कागद माझ्या नावावर, त्यामुळे चलानचा मेसेज हैदराबादला माझ्या फोनवर येतो. पहिलं चलान आलं तेव्हा मी त्यांना फोटो पाठवला. बाजारात, बिनहेल्मेटचे, कोथिंबिरीची पिशवी हँडलला. बाबा निवृत्त मास्तर. त्यांना दंडाचं काही वाटलं नाही, खालच्या ओळीचं वाटलं. दंडाच्या रकमेखाली ‘युजर चार्जेस 35 रुपये’ असं असतं.

“चुकलो, दंड बरोबर आहे. पण युजर म्हणजे वापरणारा ना? मी काय वापरलं रे?”

मी म्हटलं, “सॉफ्टवेअर, बाबा.” आमच्याच धंद्याची गोष्ट, त्यामुळे मी गप्प बसलो. त्यांनी त्याच संध्याकाळी पेन्शनीतून पैसे पाठवले, पस्तिसासकट. दुसऱ्या चलानलाही तसंच.

माझी स्वतःची हैदराबादमधली सात चलानं मात्र तशीच पडून होती. एक वेगाचं, बाकी हेल्मेट आणि पार्किंगची. मिळून बावीसशेच्या आसपास. मी भरत नव्हतो याला कारण होतं. मार्च 2022 मध्ये तेलंगणा पोलिसांनी थकलेल्या चलानांवर सूट जाहीर केली होती. दुचाकी-तीनचाकीला फक्त 25 टक्के भरा, गाडीवाल्यांनी निम्मे भरा, मास्कच्या हजारच्या दंडाचे शंभर भरा. मुदत महिनाभराची होती, ती वाढून 15 एप्रिलपर्यंत गेली. ‘एकदाच’ म्हणून दिलेली सूट पुन्हा येणार, हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. 26 डिसेंबर 2023 ला ती आली, आणि आधीपेक्षा मोठी: दुचाकी-तीनचाकीला 80 टक्के माफ, मोटारी आणि जड वाहनांना 60, हातगाडीवाले आणि आरटीसी बसेसना 90. मुदत दोनदा वाढली. माझे बावीसशे साडेचारशेच्या आसपास मिटले.

मी आनंदाने घरी फोन केला. बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे वेळेवर भरणारा मूर्ख ठरला.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण त्याच महिन्यात शाळेतल्या मित्राशी बोलणं झालं, ते सांगतो. तो आदिलाबाद ते बेला प्रवासी ऑटो चालवतो. त्याच्यावर चौदा चलानं होती. जास्त प्रवासी, युनिफॉर्म नाही, चुकीच्या जागी थांबला. “भरायची इच्छा नव्हती असं नाय बे,” तो म्हणाला, “पण डिझेल टाकू का चलान भरू? गाडी अडवली की सगळी एकदम मागतात.” सुटीत त्याने एका दमात सगळी फेडली. मी थांबलो ते हिशोब करून, तो थांबला ते पैसे नव्हते म्हणून. सरकारच्या यादीत आम्ही दोघं एकाच रांगेत, ‘दुचाकी-तीनचाकी, 80 टक्के’.

आणि गंमत म्हणजे ज्याचं कधी चुकलंच नाही किंवा ज्याने वेळेत भरलं, तो कुठल्याच रांगेत नाही.

फिनलंडमध्ये 1921 पासून दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर मोजतात. 2002 मध्ये नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला 50 च्या हद्दीत 75 च्या वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल 1,16,000 युरोंचा दंड झाला. पुढे त्याचं त्या वर्षीचं उत्पन्न घटल्याचं सिद्ध झालं आणि दंडही त्या प्रमाणात खूप उतरला. आपल्याकडे असं जमेल असं मला वाटत नाही, कारण इथे कमाई कोण खरी सांगतो! पण निदान हप्ते? फोनपासून फ्रीजपर्यंत सगळं हप्त्यावर मिळतं, चलान तेवढं एकरकमी.

न भरण्याची किंमत आपल्यासारख्यांना फक्त एक लाल आकडा दिसते. कोर्टाने ठोठावलेला दंड भरला नाही तर मात्र तुरुंग असतो. जुन्या दंडसंहितेत, 1860 च्या, ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे तिथे पन्नास रुपयांपर्यंतचा दंड थकला तर दोन महिन्यांपर्यंत साधी कैद होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत पन्नासाच्या जागी पाच हजार आले. दोन महिने तेवढेच राहिले. दंड भरता न आल्यामुळे आत राहिलेल्या गरीब कैद्यांसाठी 2023 मध्ये केंद्राने योजना काढली, त्यात 25,000 रुपयांपर्यंतचा दंड सरकार भरतं. अशी योजना काढावी लागते, यातच काय ते आलं.

आपल्या जुन्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. निजामाच्या काळात गोंड माणसाला जंगलात गुरं चारली तर पैसे, सरपण आणलं तर पैसे द्यावे लागत, आणि जंगलखात्याची माणसं वरून घेत ते वेगळंच. कुमरम भीम त्याविरुद्ध उभा राहिला आणि 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्या मानाने फोटो, तारीख, वेळ आणि पावती देणारं आजचं चलान बरंच सभ्य म्हणायचं. चुकीचं वाटलं तर त्याला आव्हानही देता येतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या नावावर दुसऱ्याच गाडीचं चलान आलं होतं. त्याने तक्रार केली आणि ते रद्द झालं.

एक कामाची गोष्ट, घरातल्या मोठ्यांना नक्की सांगा. व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडू नका, चलान असं येत नाही. चलान बघायचं ते पोलिसांच्या किंवा परिवहनच्या साइटवर, आणि पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतोय ना, ते पाहून.

दिवाळीत घरी गेलो होतो. फराळ करता करता फोन वाजला. बाबांचं नवं चलान. बाजारातच, या वेळी पिशवीत मेथी.

“भरू का लगेच?” मी विचारलं.

बाबांनी चकली मोडली. “राहू दे. संक्रांतीपर्यंत पाहू, काही निघतं का.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. रात्री ते झोपल्यावर मी ते भरून टाकलं. पस्तीस रुपयांसकट.