उत्तर न लिहिलेले दालन

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे 'रोलप्लेइंग गेम'मध्ये, प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. त्या पात्रांभोवतीचे सगळे जग मात्र 'गेम मास्टर' नावाचा सूत्रधार शब्दांनी उभे करत असतो. या प्रकाराची सुरुवात १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून मानली जाते. त्यातील 'डंजन' या शब्दाचा रूढ अर्थ अंधारकोठडी असला, तरी खेळात तो दारे, जिने, सापळे आणि राखणदार यांनी भरलेल्या भुयारी रचनेसाठी वापरला जातो. अशी रचना करणाऱ्यापुढे पहिल्यापासून एक निवड उभी आहे, ती म्हणजे दालनात कोडे ठेवायचे की पेच. कोड्याचे उत्तर रचनाकाराने आधीच ठरवलेले असते आणि खेळाडूने ते ओळखायचे असते. पेचात मात्र केवळ परिस्थिती ठरलेली असते आणि तीतून बाहेर पडण्याची वाट खेळाडूंनी स्वतः काढायची असते. पन्नास वर्षांच्या या परंपरेत कोड्यांची कीर्ती मोठी झाली, पण टिकले ते पेच, असे तिच्यातील जुनी भुयारे तपासताना दिसते.

कोड्यांच्या बाजूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गायगॅक्स यांचे 'टूम ऑफ हॉरर्स'. १९७५ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या 'ओरिजिन्स' या खेळ-संमेलनातील स्पर्धेसाठी ते वापरले गेले आणि १९७८ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने बाजारात आले. सोबत चित्रांची वेगळी पुस्तिका होती, कारण दालनात नेमके काय दिसते हे खेळाडूंना डोळ्यांनी पाहता यावे आणि त्या तपशिलातून त्यांनी तर्क करावा, अशी अपेक्षा होती. कल्पना उत्तम होती. परंतु प्रवेशमार्गाच्या टोकाला असलेल्या हिरव्या दैत्यमुखाच्या उघड्या जबड्यात जो शिरेल तो कोणत्याही बचावाच्या संधीविना नष्ट होतो, आणि पुढची बरीच दालने याच चालीची आहेत. येथे खेळाडू भुयाराशी झुंजत नसून लेखकाच्या मनात काय होते याचा अंदाज बांधत असतो आणि चुकीच्या अंदाजाची किंमत पात्राच्या प्राणांनी मोजतो. गुण मोजून विजेता ठरवायच्या स्पर्धेत हे शोभते. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या घरगुती खेळात तीच रचना जाचक ठरते.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, आलेले लॉरेन्स शिक यांचे 'व्हाइट प्लूम माउंटन' या दृष्टीने अधिक बोधक आहे, कारण कोडे आणि पेच हे दोन्ही त्यात एकाच छपराखाली नांदतात. (प्रकाशन संस्थेत नोकरी मिळावी म्हणून लेखनाचा नमुना या नात्याने शिक यांनी ते लिहिले होते; नमुन्यात आपली सारी चमक दाखवण्याचा उमेदवाराचा उत्साह प्रत्येक दालनात जाणवतो.) त्यातील एका दालनात मृतदेहांच्या तुकड्यांपासून घडवलेले आणि जादूने चालणारे पाच पुतळे, ज्यांना 'गोलेम' म्हणतात, उभे असतात. त्यांच्यावर ५, ७, ९, ११ आणि १३ हे आकडे असतात आणि या पाचांत न बसणारा कोणता ते ओळखा, असे आव्हान खेळाडूंना दिले जाते. अपेक्षित उत्तर ९ हे आहे, कारण बाकीच्या चार मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना भाग जात नाही. गणिताच्या तासाला हे निर्विवाद ठरेल. पण ११ या आकड्यात एकच अंक दोनदा येतो म्हणून तो वेगळा, पाश्चात्त्य समजुतीप्रमाणे १३ अशुभ म्हणून तो वेगळा, किंवा ५ सर्वांत लहान आणि रांगेच्या आरंभीचा म्हणून तो वेगळा, असे कोणी म्हटले तर त्याला अतार्किक कसे ठरवायचे? रचनाकाराचे उत्तर अधिक डौलदार आहे इतकेच. आणि डौल न ओळखल्याबद्दल पाच राक्षसी पुतळ्यांकडून मार खावा लागणे ही शिक्षा जरा जास्तच होते. निदान संख्यांचे कोडे भाषेची वेस ओलांडते. इंग्रजी शब्दश्लेषावर बेतलेली कोडी मात्र मराठीत खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला टाकूनच द्यावी लागतात, कारण ज्या दुहेरी अर्थावर ती उभी असतात तो भाषांतरात उरत नाही.

त्याच डोंगरात दुसरीकडे एक मार्गिका आहे, जिच्या पृष्ठभागावर घर्षण मुळीच नाही आणि जिच्या वाटेत गंजलेल्या पात्यांनी भरलेले खड्डे आहेत. येथे कोणी प्रश्न विचारत नाही, शिलालेख नाही, कालमर्यादाही नाही. एकदा ढकललेली वस्तू थांबणार नाही आणि पाय रोवायला आधार मिळणार नाही, एवढे दोन नियम खेळाडूंना कळले की पुढचे सारे त्यांच्या हाती असते. दोर कुठे बांधायचा, पलीकडे आधी कोणाला सरकवायचे, खड्ड्यांवर पूल म्हणून काय टाकायचे, मोडून आणलेले एखादे दार कामी येईल का, यावर तासभर वाद रंगू शकतो आणि त्या वादाचा प्रत्येक क्षण खेळच असतो. कोड्यासमोरची शांतता आणि पेचासमोरची ही गजबज यांतला फरक कोणत्याही सूत्रधाराला लगेच कळतो. सूत्रधाराच्या दृष्टीने पेचाचा आणखी एक लाभ असा की त्याला उत्तर माहीत असण्याची गरजच नसते. जगाचे नियम प्रामाणिकपणे लावले की पुरते.

कोड्याविरुद्धचा जुना आक्षेप बुद्धी कोणाची पणाला लागते, हा आहे. पात्राची बुद्धिमत्ता तीन फाशांच्या बेरजेने, म्हणजे ३ ते १८ या आकड्यांत, ठरत असे; मग १८ बुद्धीच्या जादूगाराचा खेळाडू कोड्यापुढे निरुत्तर झाला तर काय करायचे? १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने चोराचे पात्र आणले आणि कुलपे उघडणे व सापळे निकामी करणे यांसाठी टक्केवारी ठरवून दिली, तेव्हापासून हा प्रश्न फाशांवर सोपवण्याची सोय झाली. पण फासा टाकून सुटलेले कोडे हे कोडे राहत नाही, ते केवळ एक कुलूप होते. पेचात हा विरोध बराचसा विरतो, कारण युक्ती खेळाडूची असते आणि ती पार पाडण्याचे कसब पात्राचे.

तरीही कोडी वगळावीत असे नव्हे. उलगडा होण्याच्या क्षणाचा आनंद पेचातून तितक्या तीव्रतेने मिळत नाही, हे मान्य करावे लागते. दोष बहुधा कोड्यात नसून त्याच्या जागेत असतो. एकुलत्या एका वाटेवर एकुलते एक दार आणि त्यावर एकुलते एक उत्तर असलेले कोडे असले, की ते न सुटल्यास संपूर्ण संध्याकाळ तिथेच अडते. रहस्यकथांच्या धर्तीवरील खेळांविषयी जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला 'तीन दुव्यांचा नियम', म्हणजे खेळाडूंनी काढावा असा प्रत्येक निष्कर्ष किमान तीन वेगवेगळ्या दुव्यांतून सुचला पाहिजे हा नियम, याच अडवणुकीवरचा उपाय आहे. जेनेल जॅकेस यांनी १९७९ च्या 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेसिया'मध्ये तोच गुंता नकाशाच्या पातळीवर सोडवला होता: अनेक प्रवेश, एकमेकांत परत मिळणाऱ्या वाटा आणि मजल्यांना जोडणारे अनेक मार्ग असल्याने कोणतेही एक दार चमूला ओलीस धरू शकत नाही. अशा नकाशात अवघड कोडे खुशाल ठेवावे, कारण त्याच्याकडे पाठ फिरवता येते आणि चार दिवसांनी उत्तर सुचल्यावर परतही येता येते.

'टूम ऑफ हॉरर्स'च्या बाबतीतही खेळाडूंनी रचनाकाराला हेच शिकवले होते. गायगॅक्स यांचे सहकारी रॉब कुन्ट्झ यांच्या रोबिलार या पात्राने त्या थडग्यात शिरताना आपल्या चाकरीतील ऑर्क, म्हणजे रानटी शिपाई, पुढे धाडले आणि सापळ्यांची परीक्षा त्यांच्या जिवावर उरकली. अखेरच्या दालनात पोहोचल्यावर तेथील अर्धमृत जादूगाराची कवटी हवेत उठू लागली, तेव्हा तिला हरवण्याचे लेखकाने योजलेले दुर्मीळ मार्ग शोधण्याच्या भानगडीत रोबिलार पडला नाही. हाती लागेल तेवढा खजिना जादूच्या पिशवीत भरून तो आल्या वाटेने निघून गेला.