उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर

कोल्हापुराहून गगनबावड्यास येणाऱ्या ५५ किलोमीटरांच्या रस्त्यानें सकाळच्या प्रहरीं जाणाऱ्यास एक दृश्य जागोजाग दिसतें. घरापुढें सपाट अंगण मोकळें असूनहि जुना ट्रॅक्टर तेथें नसतो. तो चढाच्या माथ्यावर, तोंड उताराकडे करून, पुढच्या चाकाखालीं दगड सारून उभा केलेला असतो. कारण विचारावें तर मालक सहज सांगतो कीं, "सेल्फवर येत नाहीं, पण दगड काढला कीं चालू होतो." आमच्या मुलखास उतारांची वाण नाहीं, त्यामुळें हा उपाय बिनखर्चाचा वाटतो. आमच्या मतें याहून महाग उपाय दुसरा नाहीं.

दगड काढतो कोण? बहुधा घरांतील पोरगा. तो चाकापुढें वाकलेला असतां वर बसलेल्याचा पाय ब्रेकवर नीट नसला तर काय होईल, हें लिहिण्याची गरज नाहीं. मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगळे असतात, व शेतांत वळण्याच्या सोयीसाठीं दोन पायट्यांमधील कडी सोडलेली असते. ती तशीच राहून गेली, तर उतारावर एकच चाक अडतें आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. शिवाय ज्या आषाढांत यंत्राची खरी निकड, त्याच आषाढांत हा उपाय दगा देतो. ओल्या लाल मातीवर क्लच सोडतांच मागचीं चाकें घसरतात व इंजिन फिरत नाहीं. इकडे तरवा २१ ते २५ दिवसांचा होऊन लावणीस आलेला, वाफ्यांत पाणी तुंबलेलें, आणि चिखलणी खोळंबलेली! तरवा जून झाला कीं फुटवे कमी येतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

मग हवेच्या नळींत ईथरचा फवारा मारण्याची पाळी येते. ईथर पिस्टन वर येण्याआधींच भडकतें. त्या उलट्या दणक्यानें रिंगा मोडतात, आणि ज्या इंजिनांत हवा तापविणारा प्लग आहे तेथें तर स्फोटहि होऊं शकतो.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें जें इंजिन चालवून दाखविलें, त्याचें तत्त्व आजहि तेंच आहे : हवा इतकी दाबावयाची कीं ती स्वतः तापून तेल पेटवील. आपल्या ट्रॅक्टरांत हवा सुमारें सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते व ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते. तेव्हां इंजिन पुरेशा वेगानें फिरावें, दाबलेली हवा कोठून निसटूं नये, आणि तेल वेळेवर व धुक्यासारखें बारीक उडावें, एवढें जमलें कीं तें चालू झालेंच पाहिजे.

पंचगंगेच्या कांठीं ऑइल इंजिनावर ऊस भिजविणाऱ्या मागल्या पिढीस हें पुस्तकावांचून कळत होतें. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांतहि ऑइल इंजिनें तयार होत. तीं हँडलानें फिरवावीं लागत, आणि हँडलाच्या मुठींतून दाबाचा जोर मनगटास समजे. रिंगा झिजल्या कीं हात हलका जाई. १९५९ पासून देशांत ट्रॅक्टर बनूं लागले, पुढें सेल्फची किल्ली घरोघर आली, आणि मनगटाचें तें ज्ञान गेलें. सुदैवानें धूर अजून डोळ्यांस दिसतो.

सेल्फ मारतांना एकानें धुराच्या नळकांड्याकडे पाहावें. धूर मुळींच नाहीं, म्हणजे तेल सिलिंडरांत पोंचत नाहीं : इंजिन बंद करावयाची तार अर्धवट ओढलेली राहिली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा नळींत हवा शिरली असेल. पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाहीं, म्हणजे तेल पोंचतें पण जळत नाहीं. तेथें फिरण्याचा वेग, तेलांतील पाणी, नोझल व सरतेशेवटीं दाब, या क्रमानें पाहावें. 'सरतेशेवटीं' हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण आमच्याकडे तेथूनच आरंभ होतो.

दोष थंडीवर घालूं नये. गगनबावड्याची थंडी पंजाबची नव्हे. येथील शत्रु पाणी आहे. वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथें अर्धी रिकामी टांकी रात्रीं दमट हवा ओढते, आणि आंतल्या पत्र्यावरचें दंव तेलाच्या तळाशीं जाऊन बसतें. संध्याकाळीं टांकी भरून ठेवावी व फिल्टरखालचा स्क्रू सैल करून सांचलेलें पाणी सोडून द्यावें. हाच ओलावा बॅटरीच्या टोकांवर क्षार व चासीस जोडलेल्या पट्टीवर गंज चढवितो. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते म्हणून निर्धास्त राहूं नये. सेल्फ फिरत असतांना मीटर लावावा. कांटा ९.६ च्या खालीं गेला, तर आधीं बॅटरी सुधारावी. इंजिन उघडण्याची घाई करूं नये.

गेल्या आषाढांत शेजारच्या वाडीवर एक प्रकार पाहिला. ट्रॅक्टर सकाळीं अर्धा तास रडे. एकदां चालू झाला कीं दिवसभर किल्ली फिरवितांच सुरू होई. मिस्त्रींनीं निकाल दिला : इंजिन बसलें, बोअर-पिस्टन करावें लागेल. मालकानें सोसायटीचें कर्ज काढण्याची तयारी केली. पण जें इंजिन दिवसभर उत्तम ओढ देतें, ऑइलच्या झांकणांतून ज्याचा धूर येत नाहीं, तें बसलेलें कसें? आम्ही फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून पाहिलें. रात्रीं भरलेली नळी सकाळीं निम्मी रिकामी! त्या ट्रॅक्टरची टांकी मागें व फिल्टरपेक्षां खालीं होती. फिल्टरवरच्या बोल्टाखालील तांब्याचा वॉशर पुनःपुन्हां आवळून चपटा झाला होता. तेथून हवा शिरे आणि तेल रात्रभर टांकीकडे उतरे. टांकी वर असती तर त्याच जागीं तेलाचा थेंब दिसला असता. मौज अशी कीं, उतारावर तोंड खालीं करून उभा केल्यानें मागची टांकी उंचावे व दोष झांकला जाई. म्हणूनच मालकास उतार इतका मानवला होता. वॉशर बदलला, फीड पंपाची कळ हातानें मारून एअर काढली, बुडबुडे थांबले, आणि दुसऱ्या दिवशीं ट्रॅक्टर अंगणांतून सेल्फवर निघाला. (एअर काढतांना नोझलच्या फवाऱ्यापुढें हात धरून पाहणारे लोक आहेत. तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि पुढें बोट गमावण्याची पाळी येऊं शकते.)

यांत मिस्त्रींची लबाडी होती असें आम्ही म्हणत नाहीं. वॉशर शोधण्यांत दोन तास गेले तरी त्यांस वॉशरचेच पैसे मिळतात. इंजिन उतरविलें तर मजुरी मिळते. निदानाची मजुरी देण्याची चाल आपल्यांत नाहीं. नाडी पाहिल्याचें कांहींच द्यावयाचें नाहीं व शस्त्रक्रियेचें मात्र द्यावयाचें, असें ठरविल्यावर वैद्य चाकूच उचलील.

आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या विकास सोसायट्यांनीं मृगाआधीं, मे महिन्यांत, एक दिवस नेमून सभासदांचे जुने ट्रॅक्टर सपाट मैदानांत आणवावे. नोझल तपासण्याचा हातपंप व दाब मोजण्याचा गेज तालुक्यास एकेक असला तरी भागतें. मिस्त्रीस दर ट्रॅक्टरमागें तपासणीची मजुरी सोसायटीनें द्यावी, आणि दोष कागदावर लिहून मालकाच्या हातीं द्यावा. बोअर खरोखर झिजलें असेल तर तेंहि गेज सांगेल, व मग त्या कर्जास कोणी नाहीं म्हणणार नाहीं. पैसा कोठून आणावा, अशी हरकत येईल. इंजिन विनाकारण उघडण्यासाठीं जीं कर्जें हल्लीं मंजूर होतात, त्यांतील एक वांचलें तरी तालुक्याच्या तपासणीचा बराच भार त्यांतून उचलला जाईल. हें होईपर्यंत चाकाखालचा दगड काढावयास पोरांस पाठवूं नये.