वाद्यवृंदाचा खर्च कोणी उचलावा?

मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नवा हंगाम जाहीर करतो, तेव्हा वर्ध्याच्या कार्यकर्त्याने 'श्रीमंतांची चैन' म्हणून नाक मुरडू नये. बीथोव्हेनची सिम्फनी दोनशे वर्षांपूर्वी मागत होती जवळजवळ तितकेच वादक व तितकाच वेळ आजही मागते. वेतने मात्र वाढतात. अशी कला केवळ तिकिटांवर जगत नाही, हे बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखविले. जर्मनीत हा भार मुख्यतः शासन उचलते, येथे देणगीदार. साहजिकच संगीत नरिमन पॉइंटला थांबते. शिवाय पुष्कळ वादक परदेशांतून आणावे लागतात. येथे ते घडविलेच जात नाहीत. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. वाद्यावरचा हात हाही हातच! आर्वी-हिंगणघाटच्या जिल्हा परिषद शाळांना संगीतशिक्षक मिळावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकावेळी लावून धरावी. व्हायोलिन राहो, पेटी-तबल्यापासून आरंभ होऊ द्या.