बॉस, सेल डाऊन झालाय?

'आज एनर्जीच नाहीये यार!' दुपारी चारच्या सुमारास कुठल्याही ऑफिसात हे वाक्य ऐकू येतं. मग कुणी कॉफी मशीनकडे वळतं, कुणी एनर्जी ड्रिंकचा कॅन फोडतं, कुणी ड्रॉवरमधलं चॉकलेट बाहेर काढतं. शरीर म्हणजे मोबाइल, ही आपली पक्की समजूत. रात्री चार्जिंगला लावायचा, दिवसभर वापरायचा, संध्याकाळी एकच काडी उरते. तेव्हा जपून वापरा, उगाच जिने चढू नका!

मंडळी, हा फंडाच मुळात चुकीचा आहे. आपल्या पेशी वापरायला तयार एनर्जी फारशी साठवून ठेवत नाहीत. त्यांचं पोट हातावर असतं. क्षणाला कमवायचं, क्षणाला उडवायचं!

पेशींच्या बाजारात एकच नाणं चालतं. त्याचं नाव अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. तुम्ही पोळी-भाजी खा, वडापाव खा नाहीतर सीझर सॅलड, शेवटी सगळं या नाण्यातच मोडून घ्यावं लागतं. एटीपीच्या शेपटीला फॉस्फेटचे तीन मणी असतात. शेवटचा मणी सुटला की पेशीला कामापुरती ऊर्जा मिळते. मग पेशी तो मणी परत ओवते. आता गंमत बघा. आपल्या अंगातलं सगळं एटीपी एका वेळी गोळा केलं, तर ते जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास भरेल. आणि दिवसभरात आपण वापरतो किती? साधारण स्वतःच्या वजनाइतकं! म्हणजे तेच नाणं दिवसातून शेकडो वेळा फिरतं.

लोकल सुटतेय, धावा!

समजा, तुम्ही दादरच्या पुलावर आहात आणि खाली लोकल सुटायच्या बेतात आहे. तुम्ही धूम ठोकता. स्नायूत तयार असलेलं एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतंच असतं. मग धावून येतं फॉस्फोक्रिएटिन. महिनाअखेरीला एकही प्रश्न न विचारता पाकिटातून नोट काढून देणारा एखादा मित्र असतो ना, तसं! आपला फॉस्फेट ते ताबडतोब देऊन टाकतं. पण या मित्राचं पाकीटही आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं.

तोवर दुसरी सोय कामाला लागलेली असते. स्नायू ग्लुकोज फोडतो, तेही ऑक्सिजनची वाट न बघता. काम झटपट, पण कमाई किरकोळ. ग्लुकोजच्या एका रेणूमागे फक्त दोन एटीपी. तोच ग्लुकोज मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या कारखान्यात ऑक्सिजनच्या मदतीने नीट जाळला, तर तीसच्या आसपास एटीपी हाती लागतात. शिवाय हा कारखाना चरबीही जाळतो. फक्त त्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. या तिन्ही सोयी चालू असतात एकदमच, कुणाचा वाटा किती ते तेवढं बदलत जातं.

घाईघाईत ग्लुकोज फोडला की लॅक्टेट तयार होतं. आपल्याकडे याची भलतीच बदनामी आहे. रविवारी सिंहगड चढून आल्यावर सोमवारी पाय धरले, की कुणीतरी जिमवाला सांगतोच, 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय रे!' साफ चूक. रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. एक-दोन दिवसांनी जी ठणक लागते, ती स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेची आणि सुजेची. त्यातही चढण्यापेक्षा उतरणं जास्त भोवतं. गड चढताना दम लागतो, पण मांड्या बोंबलतात त्या उतरल्यामुळे! आणि लॅक्टेट म्हणाल, तर ते चक्क इंधन आहे. आपलं हृदय ते आवडीने जाळतं.

आपला माणूस

ही बदनामी जुनी आहे. १९२२ सालचं नोबेल पारितोषिक आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी मिळालं. तेव्हा लॅक्टिक अ‍ॅसिडच स्नायूला आकुंचन पावायला लावतं, असा समज होता. त्याला हादरा बसला १९२७ मध्ये. हार्वर्डमधल्या सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव या दोघांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधून काढलं. १९२९ मध्ये याच जोडीने एटीपी वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. सुब्बाराव हे आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमावरमचे. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले आणि १९४८ मध्ये वारले. आज जिमच्या शेकरमध्ये क्रिएटिनची पावडर घुसळणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल?

मग चार वाजता संपतं काय?

एटीपी तर नक्कीच नाही. स्नायू आखडायला एटीपी लागतं, तसंच सैल पडायलाही लागतं. ते खरोखर संपलं की स्नायू जागच्या जागी अडकून बसतो. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं, ते यामुळेच. तुमचं एटीपी संपलं असतं तर तुम्ही ही तक्रार करायला उरलाच नसता!

मेंदूही काही गडबडीत नसतो. आराम करतानाही शरीराची साधारण वीस टक्के ऊर्जा तो खातोच, आणि एक्सेल शीटशी झुंजताना त्याचा खर्च फार काही वाढत नाही. मात्र आपण जागे असतो तसा मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातो. हा म्हणजे मणी झडलेल्या एटीपीचाच सांगाडा. तो वाढला की झोप खुणावते. कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, त्यामुळे निरोप पोहोचत नाही, बस्स. कॉफी एनर्जी देत नाही, ती बातमी दाबते! कॅफीनचा असर ओसरला की दाबलेली बातमी हेडलाइन होऊन येते.

खरा लोचा आहे खुर्चीत. १९६७ मध्ये जॉन हॉलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची इंधन जाळायची ताकद जवळजवळ दुप्पट झाली. माणसांतही हेच दिसतं. मागणी वाढली की पेशी कारखाने वाढवते, आणि मागणी थांबली की मोडीत काढते. म्हणजे 'थकलोय म्हणून बसतो' हे जितकं खरं, तितकंच 'बसतो म्हणून थकतो' हेही खरं. बारा तास बसून राहणाऱ्याला दोन जिन्यांत धाप लागते, ती बॅटरी संपली म्हणून नाही. कारखान्याला ऑर्डरच नाहीत म्हणून!

आणि प्रश्न नुसत्या धापेचा नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढून घेतो. बसलेला स्नायू मात्र दार लोटून घेतो. आपल्या देशात ऐन उमेदीत डायबेटिस गाठतो, तेव्हा ही गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नाही.

तेव्हा लंचनंतर दहा मिनिटं चाला. दोन मजल्यांसाठी लिफ्टसमोर रांग लावू नका. आठवड्यातून तीन-चार वेळा जरा दम लागेल असं काहीतरी करा. पोहा, नाचा, सायकल चालवा, चॉइस तुमचा. आणि नीट झोपूनही आठवडेच्या आठवडे गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर कॅन फोडत बसू नका. डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. लोह कमी पडलं तर ऑक्सिजन वाहणारं रक्त आणि तो वापरणारे कारखाने, दोन्ही अडतात. तिथे इच्छाशक्तीचं लेक्चर कामाचं नाही, तिथे औषधच लागतं.