घाबरू नये, थांबूही नये

घरात गोड बातमी आली की ती तिसरा महिना उलटेपर्यंत चार भिंतींच्या आत ठेवण्याची रीत माढ्यासारख्या गावांत अजून पाळली जाते. रीत वाईट नाही. परंतु याच तीन महिन्यांत रक्ताचा डाग दिसला, तर तीच रीत सुनेचे तोंड बांधते. सासूबाईंना कसे सांगावे, पती दुकानात गिऱ्हाइकांत गुंतलेला, जावा काय म्हणतील, या विचारात सकाळची संध्याकाळ होते. हा उशीर कधीकधी फार महाग पडतो.

पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे चार गर्भवतींपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो. त्यांपैकी सुमारे निम्म्या किंवा अधिक जणींची गर्भधारणा पुढे सुखरूप चालू राहते. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले की ही आशा आणखी बळावते. गर्भ रुजताना किंवा गर्भाशयाचे मुख नाजूक झाल्यानेही डाग दिसतो. तेव्हा डाग दिसला म्हणजे सारे संपले, असे मानण्याचे कारण नाही.

तरीही तपासणी टाळता येत नाही. शंभरांत एक-दोन वेळा गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजतो. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो, आणि बाहेर मात्र डाग जेमतेम दिसतो. पोटाच्या एका बाजूस तीव्र वेदना, खांद्यात कळ, चक्कर, घाम, ताप, रक्ताच्या गाठी किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये.

माढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी सोलापूरला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून शासकीय रुग्णालयांत गर्भवतीची औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. रात्री-अपरात्री कोणते वाहन काढायचे, सोबत कोण जाणार आणि सोनोग्राफी कोठे होते, हे दिवस राहिल्याचे कळताच ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

व्यापारी घरात रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. ती येथे उपयोगी पडते. शेवटच्या पाळीची तारीख, रक्तस्राव केव्हा सुरू झाला, रंग कसा, किती पॅड लागले, वेदना कोठे, हे एका कागदावर लिहून नेले की डॉक्टरांचा निर्णय लवकर होतो. रक्तगटाचा कागदही सोबत असावा. आई आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनची गरज डॉक्टरांना विचारावी. लागत असेल तर ते ७२ तासांच्या आत घ्यायचे असते. घरातील जुन्या गोळ्या किंवा शेजारणीने सुचवलेले औषध घेऊ नये.

अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ वाचतो, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. थकवा असेल तेवढी विश्रांती घ्यावी, जड ओझे उचलू नये, शरीरसंबंध टाळावेत. पर्युषणातील उपवास आणि सूर्यास्तानंतरचा पाण्याचा त्याग यांविषयी डॉक्टरांना आणि महाराज साहेबांना मोकळेपणाने विचारावे. देह सावरण्याच्या काळात व्रत पुढे ढकलण्यात संकोच वाटू नये.

आणि कधी गर्भ राहत नाही. अशा वेळी ‘जिना चढली’, ‘पपई खाल्ली’, ‘प्रवास केला’ असे शब्द घरात उमटू लागतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. तो दोष गर्भ तयार होतानाच आलेला असतो. आईच्या कोणत्याही कामाचा त्याच्याशी संबंध नसतो. एकदा असे घडलेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे सुदृढ मूल होते. लागोपाठ घडल्यास मात्र पती-पत्नी दोघांचीही तपासणी करून घ्यावी, एकट्या सुनेची नव्हे.

नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने दिली. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आणि चुलीपाशी राबणाऱ्या सुनेला अशी रजा कोणताच कायदा देत नाही. ती घरानेच द्यायची असते. जे मूल कोणी पाहिले नाही, त्याचे दुःख इतरांना लहान वाटते. आईला ते तसे वाटत नाही. पतीने चार दिवस दुकान लवकर बंद करून तिच्याजवळ बसावे, सासूबाईंनी ‘पुन्हा होईल’ म्हणण्याची घाई न करता तिचे ऐकून घ्यावे. तिला त्या वेळी याहून अधिक काही नको असते.