सुचलेले आणि सुचवलेले

लेखनाचे साधन लेखनाच्या रचनेत हस्तक्षेप करते, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. या हस्तक्षेपाचा एक लक्षणीय दाखला प्रोग्रॅमिंगच्या क्षेत्रात सापडतो. साहित्याच्या वर्गातही त्याची चर्चा व्हावी, असे आम्हाला वाटते.

प्रोग्रॅम लिहिताना एखाद्या नावापुढे टिंब दिले, की एडिटर पुढे येऊ शकणाऱ्या शब्दांची यादी दाखवतो. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ही सोय 'इंटेलिसेन्स' या नावाने आणली. प्रोग्रॅमिंगविषयक ग्रंथांचे लेखक चार्ल्स पेटझोल्ड यांनी २००५ साली न्यू यॉर्कमधील एका व्याख्यानात तिची मार्मिक चिकित्सा केली. त्यांचा एक महत्त्वाचा आक्षेप लेखनाच्या क्रमाविषयी होता. यादीत तेच येते, ज्याची व्याख्या आधीच झालेली असते. साहजिकच लेखक तपशील आधी लिहितो आणि मुख्य रचनेकडे मागाहून वळतो. प्रथम आराखडा मांडू पाहणाऱ्याला एडिटर साथ देत नाही. अजून न लिहिलेल्या फंक्शनचे नाव टंकले, तर त्याजागी कधीकधी दिसायला जवळचे पण भलतेच नाव येऊन बसते.

आमच्या मते हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. आरंभ आराखड्यापासून करावा की तपशिलापासून, हा निर्णय लेखकाचा. येथे तो साधनाच्या सोयीने घेतला जातो आणि लेखकाच्या ते ध्यानातही येत नाही.

२०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' अवतरल्यावर प्रश्न अधिक गहन झाला. जुनी यादी निदान अस्तित्वात असलेली नावे दाखवी. नवे साधन आधी लिहिल्या गेलेल्या अफाट कोडच्या आधारे संभाव्य ओळी रचते. त्यांत कोठेही नसलेले फंक्शनही अस्सल असल्याच्या थाटात येते. मजकूर आधी उमटतो, हेतू मागाहून शोधला जातो.

यामुळे स्मरणाचा भार हलका होतो, हे आम्हालाही मान्य आहे. हजारो नावे पाठ करण्यात काही पुरुषार्थ नाही. परंतु वाचलेला वेळ आता काळजीपूर्वक वाचण्यात घालवावा लागतो, आणि त्या वाचनाचे शिक्षण फारसे कोणी देत नाही. संशयाने, ओळीगणिक वाचणे ही साहित्याच्या वर्गातील जुनी शिस्त आहे. नवशिक्याने आराखडा यादी बंद ठेवून लिहावा आणि पुढे येणारी प्रत्येक सूचना परक्याच्या संहितेप्रमाणे तपासावी. सुचलेले आणि सुचवलेले यांतील भेद ज्याला कळेनासा होतो, त्याच्या नावावरचे लेखन त्याचे किती, हा प्रश्न प्रोग्रॅमपुरता उरत नाही.