इंग्रजीची परीक्षा की घड्याळाची?

माघ सरत आला की आमच्या हिमायतनगरच्या मोंढ्यात हरभऱ्याची आवक सुरू होते आणि त्याच सुमारास घराघरांत दहावीच्या परीक्षेचा घोर लागतो. मालास काय भाव फुटला हे अडतीच्या ओट्यावर जसे विचारले जाते, तसेच परीक्षेहून परतणाऱ्या मुलास फाटकाशीच विचारले जाते, "इंग्रजीचा पेपर कसा गेला?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "येत होते सगळे, पण वेळच पुरला नाही." हे ऐकून बाप मान हलवितो आणि मनात म्हणतो की पोराने अभ्यास केला नाही, आता निमित्त सांगतो आहे. आमचे मत निराळे आहे. मुलगा बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. वेळ पुरला नाही हे खरे. पण तो का पुरला नाही याचा जाब मुलास विचारण्यापूर्वी आपण शाळेस, घरास आणि स्वतःस विचारावयास हवा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास इंग्रजी ही तृतीय भाषा. लेखी परीक्षा ८० गुणांची, अवधी ३ तासांचा. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० गुणांपैकी भाषाभ्यासास १०, पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांस २०, कवितेस १०, अपरिचित उतारा व त्याचा सारांश यांस १५, लेखनकौशल्यास २० आणि भाषांतरास ५ अशी वाटणी आहे. १८० मिनिटे आणि ८० गुण, म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटे. हा भागाकार करणारास वाटेल की वेळ मुबलक आहे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते त्यास तो मुबलक आहेही. आमच्या तालुक्यातील मुलास तो तसा का नाही, याचे कारण उत्तरपत्रिकेवर दिसत नाही.

तेलंगणाच्या सीमेजवळचा हा मुलूख. तांड्यावरचा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, मोहल्ल्यातील मुलगी दखनी बोलते, कोणाच्या आजोळी तेलुगू चालते. शाळेतील पुस्तकी मराठी हीच यांतील कित्येकांस अर्धी परकी. असा विद्यार्थी उतारा वाचतो तो इंग्रजीत, उलगडतो मराठीत, उत्तर जुळवितो मराठीत आणि मग एकेक शब्द उचलून ते इंग्रजीत नेऊन ठेवतो. शब्द सापडला नाही की वाक्य खोडतो आणि पुन्हा आरंभापासून लागतो. एका ओळीस चार फेरे होतात. मोंढ्यातील हमालास एकच पोते चार वेळा उचलावयास लावले तर संध्याकाळपर्यंत गाडी अर्धीच भरणार, हे आमच्या व्यापारी वाचकांस कोणी समजावून सांगावयास नको. पोराच्या बाबतीत मात्र आपण हमालासच आळशी ठरवून मोकळे होतो.

परभाषेची ही आडकाठी आमच्या भागास नवी नाही. ज्या निजामी अमदानीत वाढोण्याचे हिमायतनगर झाले, त्या काळी दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि पुढे मातृभाषेच्या शाळेचा मार्ग मोकळा झाला. मातृभाषेचा हा हक्क ज्या पिढीने झगडून मिळविला तिचे आम्ही वारस आहो. म्हणून मराठीचा पाया खणून वर इंग्रजीचा मजला चढवावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविली जात आहे. म्हणजे दहावीस बसणारे मूल दहा वर्षे ही भाषा शिकलेले असते. दहा वर्षांच्या शिक्षणानंतर त्यास एक साधे पत्र स्वतःच्या मनाने पंधरा मिनिटांत लिहिता येऊ नये, हा दोष मुलाच्या बुद्धीचा खास नव्हे.

मंडळाने वेळेचा विचारच केला नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. करोनाच्या साथीमुळे २०२१ ची लेखी परीक्षा रद्द झाली आणि २०२२ साली ती पुन्हा घेतली गेली, तेव्हा मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला आहे हे ओळखून ७० ते १०० गुणांच्या पेपरांस अर्धा तास अधिक देण्यात आला. दिव्यांग विद्यार्थ्यांस तासामागे २० मिनिटे अधिक मिळतात, तेही यथायोग्य आहे. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती पडत असे. ती बाहेर जाऊन मोबाइलवर फिरू लागल्यामुळे २०२३ च्या परीक्षेपासून ही सवलत काढून घेण्यात आली, आणि मागाहून तीच दहा मिनिटे पेपराच्या शेवटास जोडून देण्यात आली. अकरास सुरू झालेला पेपर दोनऐवजी दोन वाजून दहा मिनिटांनी सुटू लागला. हिशेबास हिशेब बरोबर आहे. पण आरंभीची दहा मिनिटे ही वाचनाची होती. तेव्हा लिहिण्यास मनाई असल्याने मुलगा नाइलाजाने का होईना, पेपर एकदा आद्यंत वाचीत असे. शेवटची दहा मिनिटे ही धांदलीची आहेत. मिनिटे परत मिळाली, वाचनाची सक्ती गेली ती गेलीच. आता ती सवय ज्याची त्यानेच लावून घ्यावयाची आहे.

वेळेची वाटणी कशी करावी हे व्यापाऱ्याच्या मुलास तरी शिकवावे लागू नये. हाती भांडवल १८० मिनिटांचे. त्यातील १५ मिनिटे आरंभी वाचण्यास आणि १५ शेवटी तपासण्यास बाजूस काढावी. उरली १५०. त्यांतून भाषाभ्यासास २०, पाठ्य उताऱ्यांस ३८, कवितेस १८, अपरिचित उतारा व सारांशास २८, लेखनास ३८ आणि भाषांतरास ८ मिनिटे दिली की रोजमेळ बरोबर जुळतो. वरची १० मिनिटे ही गंगाजळी. तिला हात लावावयाचा तो अगदी अडले तरच. परंतु होते काय, तर कवितेच्या रसग्रहणात कवीचे नाव, यमकाची रचना आणि अलंकार आठवीत बसल्याने पाच गुणांपायी अर्धा तास जातो, आणि लेखनाचा विभाग, जेथे धीट मुलास वीसांपैकी बारा-चौदा गुण सहज मिळावे, तो शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला जातो. पर्यायी प्रश्नांतील कोणता घ्यावा हे न ठरल्यामुळे दोन्ही अर्धवट लिहून ठेवणारेही असतात. दोन रुपयांच्या वसुलीसाठी दहा रुपये गाडीभाडे खर्चणाऱ्या मुनिमास आपण दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. अडलेला प्रश्न मोकळी जागा ठेवून पुढे ओलांडावा, ज्या विभागाची खात्री आहे तो आधी लिहावा, इतके साधे शहाणपणही मुलास परीक्षेच्या दिवशी आठवत नाही; कारण ते त्याने पूर्वी कधी हाताने करून पाहिलेले नसते.

आमच्या मते सर्व रोगाचे मूळ येथे आहे. कित्येक शाळांत इंग्रजीचे उत्तर फळ्यावर लिहिले जाते आणि वहीत उतरविले जाते. घरी गाईड असते, त्यातील पत्र पाठ केले जाते. उतरविणे आणि पाठ करणे यांस घड्याळ लागत नाही. सलग तीन तास, एका बाकावर, पुस्तक मिटून, स्वतःची वाक्ये लिहिण्याचा प्रसंग वर्षातून किती वेळा येतो? पुष्कळांच्या बाबतीत एकदा, सराव परीक्षेत. आणि तीही उत्तरपत्रिका तपासून हाती येते ती केवळ गुणांच्या आकड्यासह. कोठे किती मिनिटे गेली हे ना गुरुजींनी पाहिले, ना मुलाने टिपले. पोहणे फळ्यावर शिकवून मुलास पैनगंगेत लोटण्याचाच हा प्रकार झाला.

घराचाही वाटा लहान नाही. संध्याकाळी मुलगा पुस्तक घेऊन बसला की दुकानातून हाक येते, "अरे, जरा गल्ल्यावर बस." मुलगी असेल तर हाक चुलीपाशून येते. दर वीस मिनिटांनी मोडणारा अभ्यास ज्याच्या अंगवळणी पडला, त्याने एकदम तीन तास चित्त एकाग्र ठेवावे ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे.

लेखी परीक्षेचे वजन किती आहे याचा एक पुरावा मंडळाच्याच निकालांत आहे. २०१९ साली भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद करून सगळा भार लेखीवर टाकण्यात आला, तेव्हा आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. पुढील वर्षी ते २० गुण परत दिल्यावर तो ९५.३० वर गेला. चढउताराची कारणे आणखीही असतील. परंतु शाळेच्या हातचे गुण काढून घेतले की मुले किती उघडी पडतात, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. आणि उघडे पडण्याची हीच भीती केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकावयास लावते. कॉपी करणाऱ्यास आम्ही माफी देत नाही. पण तीन तास स्वतःच्या बळावर लिहिण्याची ज्यास सवय आहे, त्यास चिठ्ठी उलगडावयास फुरसतच नसते.

आम्ही वकिलीच्या धंद्यातले. न्यायालयात कागद तयार नसला तर पुढील तारीख मागता येते, आणि या सोयीचा उपयोग आम्हीही केलेला नाही असे शपथेवर सांगवणार नाही. दहावीच्या मुलासही २०१५ पासून जुलैच्या पुरवणी परीक्षेच्या रूपाने अशी तारीख मिळू लागली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मुलगा ती घेतो. परंतु खेड्यातून एसटीने येऊन शिकणारी मुलगी इंग्रजीत पाचसात गुणांनी राहिली, तर तिला ती तारीख घरचे लोक देतीलच असे नाही. जुलैच्या आत तिची बोलणी सुरू होतात. भाषांतराचे पाच गुण वेळेअभावी कोरे राहिले म्हणून एका मुलीचे शिक्षण तेथेच थांबावे, हे सोसण्यासारखे आहे काय?

तेव्हा आमची सूचना अशी. गावातील सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून, दिवाळीच्या सुट्टीनंतर दर पंधरवड्यास एक रविवार इंग्रजीच्या पूर्ण पेपरासाठी राखून ठेवावा. पेपर अकरासच सुरू व्हावा, बाके परीक्षेसारखीच मांडावी, अर्ध्या अर्ध्या तासाने घंटा द्यावी, आणि प्रत्येक विभाग संपताच मुलाने समासात वेळ लिहावी. तपासणारांनी गुणांबरोबर ती वेळही पाहावी. माघापर्यंत अशा सहा बैठका सहज होतील. दहावीत मूल असलेल्या दुकानदारांनी त्या दिवशी गल्ल्यावर दुसरा माणूस बसवावा. कागदाची रिमे, छपाई आणि बाहेरगावच्या मुलांचे दुपारचे खाणे एवढाच काय तो खर्च आहे. मोंढ्यातील मंडळींनी मनावर घेतले तर तो एका सकाळच्या वर्गणीत निघेल. आमच्या नावापुढे पहिल्या दोन रिमांचा आकडा आजच लिहून घ्यावा.